सुकारी मोंबासाला गेली

कराफूनं माशाच्या डोक्याला तोंड लावलं नाही, तेव्हाच मिझेनं सावध व्हायला हवं होतं. झाली नाही. तिला वाटलं, रुसली असेल. नऊ वर्षांची मांजर ती, रुसण्याफुगण्यात माणसाच्या वरताण. मिझेचा नवरा मकामे वारल्यापासून तर रोज संध्याकाळी दारात जाऊन बसायची, आणि तो येत नाही म्हटल्यावर मिझेकडे अशी बघायची, जणू हिनंच त्याला कुठंतरी दडवून ठेवलाय.

"घ्या! बाईसाहेबांना आता मासा पण चालेना," रिझिकी कोपऱ्यातून म्हणाली. "माझ्या भावानं डोक्यावर चढवून ठेवलीय. उद्या म्हणेल, काटे काढून भरवा."

रिझिकी म्हणजे मकामेची थोरली बहीण, मिझेची नणंद. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ अगदी ठणठणीत. भाऊ गेल्याची खबर मिळाली तशी मिचेवेनी गावाहून बोचकं बांधून आली, ती मिझेची इद्दत, विधवेनं घरात पाळायची मुदत, संपेपर्यंत राहायलाच. चार महिने दहा दिवस मिझेनं उंबरा ओलांडायचा नव्हता, रंगीत नेसायचं नव्हतं, अत्तराला हात लावायचा नव्हता. त्यातले पंचाण्णव दिवस झाले होते. रोज सकाळी चहाचा पहिला घोट घेतला की रिझिकी मोठ्यानं आकडा सांगायची. जशी काही मिझे विसरणारच होती!

घरात बसून करायचं काय, तर टोपी. वेते गावातल्या निम्म्या बायका करतात तेच. पांढऱ्या दुहेरी कापडाला बारीक बारीक भोकं पाडायची आणि एकेका भोकाची कड रेशमी दोऱ्यानं गुंडाळत जायची. एका टोपीला हजारावर भोकं. चार-पाच महिने डोळे फोडावेत तेव्हा कुठं ती डोक्यावर चढते. मिझे नवी नवरी होऊन आली तेव्हा हे काम तिला रिझिकीनंच शिकवलं, टाका चुकला की बोटाला सुई टोचून. आता रिझिकीला टाका दिसत नव्हता. ती नुसता दोरा उलगडायची, मेण लावायची, सुईत ओवायला मिझेकडे द्यायची आणि कुठं दोरा सुटलेला बोटांना लागला की चटकन ओढून टाकायची. बोटांचे डोळे अजून गेले नव्हते तिच्या.

ही टोपी मकामेचीच होती. ईदला घालायची म्हणून धरलेली. निम्मी झाली आणि एका दुपारी धक्क्यावर त्याच्या छातीत कळ आली. बसल्या जागी गेला.

"पुरी कर," रिझिकीनं बजावलं होतं. "अर्धं काम घरात लोंबकळत ठेवू नये. पुरी कर आणि कुणा गरिबाच्या डोक्यावर घाल."

म्हणून मिझे शिवत होती. दोऱ्याची टोकं कातरत होती, आणि टोकं चटईवर पडत होती. उचलणारा कोण होता आता?

मकामे असताना ते त्याचं काम होतं. गलबतांच्या फळ्यांमधल्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा, हा त्याचा धंदा. दिवसभर हातोडी मारून घरी यायचा आणि दिवेलागणीच्या आधी गुडघ्यांवर बसून चटई चाचपायचा. वीतभर तुकडा असो की नखाएवढा, एकेक वेचून मुठीत घ्यायचा. खाटेखाली बघायचा, उशीखाली बघायचा. रात्री सुईत दोरा ठेवून मिझे झोपली तर सुईसकट डब्यात घालून झाकण दाबून बसवायचा.

"काय करता हो त्या दोऱ्यांचं?" ती विचारायची.

"फटीत ठोकतो. तुझ्या दोऱ्यांवर तर तरतात गं अर्ध्या बंदराची गलबतं."

"चिकट्! कापसाचे पैसे वाचवता, आणि मालकाला सांगत नसाल!"

तो हसायचा. नऊ वर्षं ती त्याला चिकट म्हणाली आणि नऊ वर्षं तो हसला. तो गेल्यावर धक्क्यावरच्या माणसांनी त्याची हत्यारांची पेटी घरी आणून दिली. हातोडी, पटाशी, तेलाची बाटली, आणि दुधाच्या भुकटीचे दोन मोठे डबे. उघडून बघते तर काठोकाठ दाबून भरलेला दोरा. वर्षानुवर्षांचा. एक तुकडा म्हणून फटीत गेला नव्हता.

"बघा वन्सं, काय चिकटपणा तरी! वापरायलासुद्धा जीव झाला नाही," असं म्हणून मिझे हसायला गेली आणि हमसून हमसून रडली. डबे तिनं फळीवर ठेवून दिले.

आता सुकारीचंही सांगायला हवं. सुकारी म्हणजे कराफूची आई. साखरेसारखी पांढरी, म्हणून सुकारी. पोरीच्या कपाळावर लवंगेएवढा काळा ठिपका, म्हणून ती कराफू. कराफू म्हणजे लवंग. पोर दोन महिन्यांची असताना सुकारी एकदा खाईना-पिईना, तोंडातून लाळ गाळत बसली. मिझेनं तोंड उघडून पाहिलं तर जिभेखालून दोरा आत गेलेला. तिनं बोटाला गुंडाळला आणि ओढून काढला. चांगला लांबलचक निघाला. संध्याकाळी मकामे आला, सुकारी पडून होती. म्हणाला, "धक्क्यावर नेतो, ताजी मासळी बघितली की उठेल." करंडीत घालून घेऊन गेला. परत आला तो रिकामी करंडी घेऊन.

"अगं, काय सांगू तुला," म्हणाला. "मासळीचा वास आला, टुणकन उठली आणि उडी मारून गलबतावर. मी हाका मारतोय, शीड चढलंय, आणि ती आपली डोलकाठीपाशी बसून अंग चाटतेय. गेली मोंबासाला!"

मिझे आधी रडली, मग हसली. करणार काय? त्यानंतर दर ईदला मकामे मोंबासाची खबर आणायचा. गलबताचा तांडेल सांगत होता, लठ्ठ झालीय. तांडेल सांगत होता, एका मिठाईवाल्याच्या दुकानात राहते, तिथल्या बोक्यांना धाकात ठेवते. रिझिकी भेटीला आली की पहिला प्रश्न हाच, "काय म्हणतेय आपली मोंबासावाली?" घरातली ती हक्काची गंमत झाली होती.

तर असं ते घर, आणि त्या घरात कराफू मासा खाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती ओकायला लागली. आधी पिवळं पाणी, मग नुसताच फेस. मग खाटेखाली अगदी भिंतीला चिकटून जाऊन बसली. मिझेनं पालथं पडून हात घातला तर हात झिडकारला. कराफूनं! जी मिझेच्या मांडीवरून उठायला तयार नसायची!

"वन्सं, हिला हमाद डॉक्टरांकडे न्यायला हवं."

"कोण नेणार? तू?"

"मीच. बाजाराच्या वरच्या अंगाला तर आहेत. अर्ध्या तासात जाऊन येते."

"आज शहाण्णवावा दिवस आहे, मिझे," रिझिकीचा आवाज चढला. "शहाण्णव! माझ्या भावाची माती वाळली नाही आणि तू मांजर घेऊन बाजारातनं मिरवणार? उद्या वेतेतली प्रत्येक बाई मला विचारेल. शेजारच्या सुबिराचा नवरा समुद्रावरनं आला की त्याच्याकडे देऊ."

"तो परवा येणार."

"मग परवा. मांजरं ओकतात. नाही ओकली तर ती मांजर कसली?"

मिझेनं ओकलेलं पुसून काढलं. खरं सांगायचं तर तिलाही भीती होतीच. देवाची थोडी, लोकांची जास्त. नवऱ्यासाठी एवढी एक गोष्ट धड करायची, तीही मोडली असं कुणी म्हणू नये, एवढंच तिला वाटत होतं. माणूस काय काय धरून बसतं आणि हातातलं काय निसटतंय ते बघत नाही.

दुपारी कराफू आपणहून बाहेर आली, घराच्या आतल्या अंगणात विहिरीपाशी जाऊन पाठ वाकवून बसली आणि कुंथायला लागली. रिझिकी ओट्यावर होती. तिनं मायेनं पाठीवरून हात फिरवला, शेपटीपर्यंत आला आणि थांबला.

"मिझे! अगं ये इकडे! हिच्या शेपटीखाली दोरा लोंबतोय!"

मिझे धावली. खरंच, पांढरा रेशमी दोरा, मेण लावलेला, वीतभर बाहेर. टोपीचाच.

"अगं बाई, हे दुखणं होय! आणि आपण काळजी करत बसलोय," रिझिकी म्हणाली. टोपी शिवणाऱ्या बाईला लोंबता दोरा दिसला की हात शिवशिवतात, तिची बोटं केव्हाच तिथं गेली होती. "धर डोकं."

"ओढायचा? लागेल का तिला?"

"लागेल काय, सुटेल! सुकारीचा नव्हतास काढला? तू स्वतःच्या हातानं काढलास तोंडातनं आणि त्याच दिवशी ती उड्या मारत मोंबासाला गेली. विसरलीस?"

मिझेला पटलं. डोळ्यांदेखतची गोष्ट. तिनं दोन्ही हातांनी कराफूचं डोकं धरलं, कपाळावरच्या लवंगेवर ओठ टेकले, "झालं गं, झालंच" म्हणाली. रिझिकीनं दोरा बोटाला दोन वेढे देऊन गुंडाळला आणि ओढला.

कराफू नऊ वर्षांत कधी तशी ओरडली नव्हती. अंगणाबाहेरच्या कोंबड्या फडफडल्या. दोरा सरसरत आला, अडला, रिझिकीनं जरा झटका दिला तसा तुटला.

"बघ! दीड हात!" रिझिकीनं तो वर धरला. आंधळ्या डोळ्यांनी ती इतकी खूश झाली होती. "आता बघ संध्याकाळी कशी मासा मागते ती."

मिझेनं दोघींसाठी चहा टाकला. शहाण्णव दिवसांत पहिल्यांदा त्यात वेलची घातली.

कराफूनं मासा मागितला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा ती चुलीपाशी आडवी होती. पोट टणक झालेलं, कान गार, डोळे उघडे पण बघत नव्हते. मिझेनं हाक मारली तर शेपटीचं टोक तेवढं हललं.

रिझिकीनं तिच्या पोटावर हात ठेवला. चहाही प्यायली नाही, आकडाही सांगितला नाही. मग उठली, गुडघ्यांना शिव्या घालत आतल्या खोलीत गेली, झापांची करंडी घेऊन आली आणि तिच्यात अंगावर ओढायचा आपला जुना कांगा अंथरला.

"जा," म्हणाली.

"वन्सं, इद्दत..."

"जा म्हणते ना! कुणी विचारलं तर सांग, रिझिकीनं पाठवली. अल्लानं विचारलं तर मी बघून घेईन. मकामेच्या हातची शेवटची गोष्ट आहे ती ह्या घरात. जा लवकर."

सत्त्याण्णव दिवसांनी मिझेनं उंबरा ओलांडला. डोळ्यांवर ऊन आलं आणि तिला घेरीच आली. अंगभर काळं गुंडाळून, करंडी छातीशी धरून ती चढ चढू लागली. रस्त्याच्या कडेला लवंगा वाळत घातल्या होत्या, बायका त्या हातांनी पसरत होत्या. एकीनं मान वर केली, दुसरीच्या कानाला लागली. लागू दे. मिझे करंडीत बघत होती, श्वास चालतोय ना, एवढंच.

हमाद डॉक्टर म्हातारे झाले होते. जन्मभर सरकारी नोकरीत गाईबैलांना सुया टोचल्या, आता घराच्या पडवीत बसून कोंबड्या-मांजरं बघायचे. त्यांनी कराफूला टेबलावर घेतलं, पोट चाचपलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मग दोन बोटांनी जबडा उघडला, जीभ वर उचलली आणि बॅटरी मारली.

"ये, बघ इकडे."

जिभेच्या बुडाशी दोऱ्याचा फास बसला होता. मांसात रुतलेला.

"एक टोक इथं अडकलं आणि बाकीचा सगळा पोटात. आतडं पुढं ढकलत राहतं, दोरा येत नाही. मग आतडंच त्याच्यावर गोळा होतं. तू टोपी शिवतेस ना? किनारीला धावदोरा घालून ओढला की कापडाला चुण्या पडतात की नाही? तस्सं." डॉक्टरांनी बॅटरी विझवली. "आणि अशात तो कुणी ओढला, की आतडं चिरत जातं. खालून लोंबत होता का?"

"हो."

"ओढला?"

"हो."

"कुणी?"

मिझेच्या डोळ्यांपुढं वन्संचं बोट आलं, दोन वेढे दिलेलं. "मी," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. फार थकल्यासारखे दिसले. "ओढायच्या आधी आणली असतीस तर पोट उघडून काढला असता मी. आता आत सगळं फाटलंय, मिझे. काही हातात नाही राहिलं." मग जरा वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मकामेलाही हेच विचारलं होतं मी. ह्याच टेबलावर. तोही असाच 'मी' म्हणाला होता."

"मकामेला? कधी?"

"ती पांढरी होती ना तुमची. हिची आईच असेल."

"सुकारी?" मिझे म्हणाली. "नाही हो डॉक्टर, काहीतरी घोटाळा होतोय तुमचा. सुकारी मोंबासाला गेली. गलबतावर चढली आणि..."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांना काय कळायचं ते कळलं. पडवीच्या मागं त्यांच्या परसात एक आंब्याचं झाड होतं. त्यांनी नुसती तिकडं मान वळवली.

मिझेनं टेबलाची कड धरली. दोरा जणू आत्ताही तिच्या हातात होता, नऊ वर्षांपूर्वीचा, जिभेखालून काढलेला, लांबलचक. किती कौतुकानं दाखवला होता तिनं त्याला!

"मी त्याला म्हटलं होतं, घरात दोरा पडू देऊ नकोस, आणि बायकोला नीट सांग," डॉक्टर म्हणाले. "तो म्हणाला, तिला कळलं तर ती सुई टाकून देईल, पुन्हा हातात धरायची नाही. दोरा मी वेचीन रोज, पण तिला सांगू नका. मला वाटलं होतं, पुढं कधीतरी सांगितलं असेल त्यानं."

कराफूला सुटकेची सुई टोचावी लागली नाही. मिझेच्या हाताखाली तिचं पोट दोनदा वर आलं आणि तिसऱ्यांदा आलं नाही. शेपटीचं टोकही हललं नाही. डॉक्टरांनी परसात खड्डा खणला, आईशेजारीच. कांग्यात गुंडाळून ठेवताना मिझेनं कपाळावरची लवंग तेवढी उघडी ठेवली होती, ती डॉक्टरांनीच हलक्या हातानं झाकली.

रिकामी करंडी घेऊन ती उतार उतरायला लागली आणि निम्म्या वाटेवर तिला असा राग आला म्हणता! मेलेल्या माणसाचा राग. जन्मात नवऱ्याला अरेतुरे केलं नव्हतं तिनं, ते आता भर रस्त्यात केलं. "सांगायचं होतंस रे! रडले असते, महिनाभर सुई धरली नसती, पण मेले नसते. मोंबासा म्हणे! लठ्ठ झाली म्हणे! तुझ्या त्या मोंबासानं माझ्या कराफूचा जीव घेतला." बायका बघत होत्या, ती बोलत होती. आणि बोलता बोलता तिला तो दिसला, गुडघ्यांवर बसलेला, चटई चाचपणारा, तिच्याकडून चिकट म्हणवून घेऊन हसणारा. नऊ वर्षं. एक दिवस खाडा नाही. मग राग कुठं धरायचा तेच तिला कळेना.

खाली बंदर दिसत होतं. शीड उभारून एक गलबत निघालं होतं. घर जवळ आलं तसं मिझेला कळलं, मकामे त्या दिवशी ह्याच वळणावर, हीच करंडी घेऊन उभा राहिला असणार.

रिझिकी दारातल्या ओट्यावर बसून होती. पावलं ओळखून तिनं मान वर केली, हात पुढं करून करंडी चाचपली.

"कुठंय गं? ठेवून घेतली का डॉक्टरनं?"

मिझेनं त्या हाताकडं बघितलं. बोटाला दोऱ्याचा वळ अजून होता. आणि वाटेत ठरवलेलं नव्हतं तेच तिच्या तोंडातून बाहेर पडलं.

"बरी झाली, वन्सं. औषध दिलं आणि तरतरीत झाली. धक्क्यावरून येत होते, तर करंडीतनं उडी मारली आणि गेली गलबतावर. आईसारखी."

"मोंबासाला?"

"मोंबासाला."

रिझिकीचं बोळकं फाकलं. भाऊ गेल्यापासून ती हसली नव्हती, ती हसली, मांडीवर थाप मारून. "आईवर गेली! निमकहराम! नऊ वर्षं मासे घाला आणि जाताना सलाम पण नाही! जाऊ दे, आईजवळ गेली. मकामे असता तर काय खूश झाला असता." डोळे पुसले तिनं. "आणि मला मेलीला काय काय वाटत होतं! म्हटलं, माझ्या ओढण्यानं काही झालं की काय. रात्रभर डोळा नाही लागला. बघ, ओढला म्हणूनच वाचली ती!"

मिझे तिच्याशेजारी बसली. तिला वाटलं, असू दे. एवढं एक हिला असू दे.

"आणि ऐक," रिझिकी उत्साहानं म्हणाली, "सुबिराचं ते पिल्लू नाही का, आपल्या चटईवर खेळायला येतं ते? तेही सकाळपासून लाळ गाळतंय. तोंडातनं दोरा दिसतोय म्हणाली. मी म्हटलं, घेऊन ये, तुझा हात थरथरतो, मी काढून देते. येतेच आहे ती."

पलीकडच्या दारातून सुबिरा पिल्लू ओच्यात घेऊन निघालीच होती. मिझे ताडकन उठली.

"सुबिरा, त्याला हात लावू नकोस! दोऱ्याला अजिबात हात लावू नकोस. ही घे करंडी. ह्यात घाल आणि आत्ताच्या आत्ता हमाद डॉक्टरांकडे जा. पळ! मागं बघू नकोस."

सुबिरा भांबावली, पण मिझेचा चेहरा बघून पळाली.

"अगं, कशाला तिला एवढं पळवतेस?" रिझिकी म्हणाली. "मी काढला असता की. कराफूचा नाही का..."

ती वाक्याच्या मध्येच थांबली. आंधळे डोळे मिझेच्या दिशेनं वळले.

"वन्सं," मिझेनं तिचा हात हातात घेतला. "दोरा ओढायचा नसतो. आत आतडं चिरतं. कराफू गेली, वन्सं. मोंबासाला नाही. डॉक्टरांच्या परसात आहे, आंब्याखाली. आईशेजारी."

"आईशेजारी म्हणजे?"

"सुकारीही तिथंच आहे. नऊ वर्षं. तिचा दोरा मी ओढला होता. ह्यांनी कुणाला कळू दिलं नाही."

रिझिकीचा हात मिझेच्या हातात गार पडत गेला. वाळत घातलेल्या लवंगांचा वास वरून खाली येत होता.

"दर ईदला मला सांगायचा," रिझिकी अखेर म्हणाली. "लठ्ठ झाली म्हणायचा." तिनं हात सोडवून घेतला, बोटावरचा वळ दुसऱ्या हातानं चाचपला. "म्हणजे मीच मारली की गं तिला."

"डोकं मी धरलं होतं, वन्सं."

रिझिकी रडली नाही. भिंतीला धरून उठली आणि आत गेली. मिझे मागून आली तर ती चटईवर गुडघे टेकत होती, त्या मोडक्या गुडघ्यांवर, एकेक हाडाला कळ येत असणार. दोन्ही तळवे तिनं चटईवर ठेवले आणि कडेपासून चाचपायला सुरुवात केली. एक दोरा सापडला. मग दुसरा. मग उशीच्या कडेला चार एकदम.

मिझेनं फळीवरचा मकामेचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि ती पलीकडच्या टोकाशी वाकून बसली. घरात आता मांजर नव्हतं. दोघी वेचत राहिल्या.

"किती पडलेत गं हे," रिझिकी म्हणाली.

"सत्त्याण्णव दिवसांचे आहेत, वन्सं."